रांगेतला पाचवा

१४ जानेवारी, मंगळवार

काल रात्रीपासून सात इंच. पारा शून्याखाली चार. वारा सरोवराकडून.

ही वही माझ्या बायकोची, हेल्मीची. पहिल्या तीन पानांवर किराण्याच्या याद्या आहेत, त्या तशाच ठेवल्या. काउंटीच्या रस्ते खात्यात असताना एकतीस वर्षं मी रोज सकाळी नोंद करायचो. बर्फ किती पडला, कोणता रस्ता किती वाजता मोकळा झाला. निवृत्तीनंतर ती सवय सुटली. परवा हेल्मीला जाऊन नऊ आठवडे होतील. कालचा दिवस आणि परवाचा दिवस यांत फरक सांगता येईना, म्हणून पुन्हा सुरू केलं.

सकाळी इर्मा आली. ती शाळेची मुख्याध्यापिका होती आणि अजून आहे असं तिला वाटतं. दारातच म्हणाली, "बूट काढते आहे, घाबरू नकोस. तौनो, सहा मार्चला हेल्मीचा गुरुवार आहे."

त्यांचं पाच बायकांचं वाचन मंडळ आहे. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी एकीच्या घरी. जिचं घर तिने पुस्तक ठरवायचं, बाकीच्यांनी वाचून यायचं. सव्वीस वर्षं चाललंय. त्या दिवशी मी गॅरेजमध्ये असायचो.

मी म्हणालो, "हेल्मी नाही आता."

"ते मला माहीत आहे. गुरुवार घराचा असतो, माणसाचा नाही. बर्फाने माझं छप्पर खाली आलं त्या वर्षी आम्ही तळघरात बसलो होतो. पण गुरुवार चुकला नाही."

"मी कादंबऱ्या वाचत नाही."

"मग एक वाच. वाचून कोणी मरत नाही."

एवढं बोलून ती लाल झाली आणि खिडकीबाहेर बघत बसली. मी कॉफी केली.

हेल्मीने पुस्तक ऑक्टोबरातच ठरवून ठेवलं होतं म्हणे. मंडळाची एक जाड वही आहे, त्यात तिच्या अक्षरात नोंद आहे. इर्माने उभं राहून वाचून दाखवली. कादंबरीचं नाव 'बारावा शब्द', लेखिका ऑगस्टा केटोला. "उत्तरेकडच्या किनाऱ्यावर दीपगृहाचा एक रखवालदार राहतो. तो दिवसाला अकरा शब्द बोलतो. बाराव्या शब्दासाठी त्याची बायको चाळीस वर्षं नाना युक्त्या करते. शेवटी कोण जिंकतं, ते वाचणाऱ्याने ठरवावं."

इर्मा माझ्याकडे बघत राहिली. "काय वाटतं?"

मी म्हणालो, दीपगृहात बोलायला असतं तरी कोण? अकरा शब्द पुष्कळ झाले.

तिला खोकल्याची उबळ आली. पाणी दिलं.

१६ जानेवारी, गुरुवार

वाचनालयात गेलो. माझं कार्ड नव्हतंच. चाळीस वर्षं दर शनिवारी हेल्मीला दारात सोडायचो आणि गाडीत बसून राहायचो. तिथल्या ग्रंथपाल जोसेटने कार्ड करून दिलं. ती चाळिशीची आहे, चटपटीत आहे. हेल्मीला ती फार आवडायची.

"ते पुस्तक बाहेर गेलंय," ती म्हणाली. "एकच प्रत आहे. आधी चौघींची नावं लागली आहेत. तुमचा नंबर पाचवा."

"सध्या कोणाकडे आहे?"

"ते सांगता येत नाही. नियम आहे."

नियम असेल तर ठीक आहे. मी नाव लावलं.

निघताना तिने एक गंमत दाखवली. गावातल्या म्हाताऱ्या बायकांना कोणतं पुस्तक वाचून झालं ते आठवत नाही. मग प्रत्येकीने आपली एक खूण ठरवली आहे. पुस्तक वाचून झालं की एकतिसाव्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ती खूण करायची. इर्माची बरोबरची खूण असते, शाळेतल्यासारखी. डोरीनचं पोस्टाचं चौकोनी तिकीट. हेल्मीची खूण म्हणजे दोन टिंबं आणि त्याखाली एक आडवी रेघ. जोसेट म्हणाली, "नियमाप्रमाणे हे पुस्तक खराब करणं होतं. पण मी खोडत नाही. या खुणा नसतील तर त्या रोज येऊन मला विचारतील, मी हे वाचलंय का गं?"

मी एका टोकापासून सुरुवात केली. एकेक पुस्तक काढायचं, एकतिसावं पान उघडायचं, परत ठेवायचं. वाचनालय बंद होईपर्यंत चार कपाटं झाली. दोन टिंबं आणि रेघ दोनशे अठरा ठिकाणी सापडली. सात पुस्तकांत ती खूण दोनदा होती.

दोन टिंबं आणि आडवी रेघ. न हसणाऱ्या माणसाचं तोंड काढल्यासारखं दिसतं. असं का काढलं असेल, कळत नाही.

२० जानेवारी, सोमवार

बर्फ नाही. बाकी काही नाही.

२२ जानेवारी, बुधवार

इर्मा फोनवर म्हणाली की पुस्तक तिचं वाचून झालं, डोरीनला दिलं. वाचनालयाचं पुस्तक परस्पर दुसऱ्याला देणं बरोबर नाही. पण डोरीनकडे गेलो.

डोरीन पूर्वी पोस्टात होती. सगळ्या गावाची पत्रं तिने हाताळली आहेत आणि बहुतेक वाचलीही असावीत. दार उघडताच म्हणाली, "अरे वा, रस्ते खातं! बूट झटक. पॅस्टी गरम आहे."

मी म्हणालो, पुस्तक घेतो आणि निघतो.

"आधी खा. आत बटाटा, मांस आणि सलगम भरलंय. केचप पाहिजे की ग्रेव्ही? विचार करून उत्तर दे, या घरात यावरून लग्नं मोडली आहेत."

"काही नको."

"काही नको! कोरडी खाणारा माणूस! हेल्मीने कसे दिवस काढले असतील, देव जाणे."

खाऊन झाल्यावर कळलं की पुस्तक तिच्याकडे नाहीच. तिने ते काल इडा आणि मर्टलला दिलं. हे तिने दारातच सांगायला हवं होतं.

पुस्तक कसं आहे, मी विचारलं. "त्या रखवालदाराला धरून गदागदा हलवावंसं वाटतं," ती म्हणाली. "बायको एवढ्या तऱ्हा करते आणि हा आपला खांबासारखा उभा!"

मी म्हणालो, मला तो सरळ माणूस वाटतो. दिव्याचं काम आहे. त्याचं लक्ष विचलित होऊन चालणार नाही.

डोरीनने तोंडावर रुमाल धरला आणि आतल्या खोलीत गेली. बराच वेळ आली नाही. तिला पुस्तक फारच लागलेलं दिसतं.

तिच्या स्वयंपाकघरातला नळ गळत होता. वॉशर बदलला.

२८ जानेवारी, मंगळवार

अकरा इंच. इडा आणि मर्टल या बहिणी पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत आणि जन्मापासून एकाच घरात राहतात. त्यांच्या पायरीवरचं बर्फ कोणी काढलेलं नव्हतं. फावडं दाराशी टेकवून ठेवलं होतं, म्हणून आधी ते केलं.

आत गेल्यावर इडा म्हणाली, "पुस्तक का? संपवलं की मी. काय सुंदर पुस्तक! ते हिरवं कव्हर..."

"लाल," मर्टल म्हणाली.

"हिरवं, मर्टल."

"लाल होतं. मी काय आंधळी आहे?"

"हिला रंग कळत नाहीत, तौनो. लहानपणापासून."

"मला? अठ्ठ्याहत्तर वर्षांत मला हे आज कळतंय!"

"तुला वाईट वाटेल म्हणून आईने सांगितलं नाही."

मर्टल चिडून गप्प बसली. मग इडाने वेलदोड्याचा पाव कापला. कॉफी झाली. मर्टलचा राग जायला दुसरी कॉफी लागली. तोवर मी त्यांच्या बाहेरच्या दाराची बिजागरी बसवली. निघताना अर्धा पाव कागदात बांधून दिला. पुस्तक इर्माला परत दिलं आहे म्हणे.

म्हणजे जिथून निघालं तिथेच. खात्यात एखादी गाडी अशी फिरली असती तर कोणाची तरी नोकरी गेली असती.

या महिन्यात घरोघरची कॉफी झाली. छाती जळजळते आहे.

३ फेब्रुवारी, सोमवार

पाचव्या नंबराची वाट बघत बसण्यापेक्षा दुसरी प्रत मागवावी म्हणून डुलुथ शहरातल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात फोन केला. दुकानदार सज्जन होता. दोनदा नाव विचारून घेतलं आणि तासाभराने स्वतःहून फोन केला. देशातल्या सगळ्या मोठ्या याद्या त्याने पाहिल्या. 'बारावा शब्द' नावाची कादंबरी नाही. ऑगस्टा केटोला नावाची लेखिकाही नाही.

"तुमच्या पत्नीला नाव कुठून मिळालं?" त्याने विचारलं.

मी सांगितलं, माहीत नाही.

हे लिहून टाकलेलं बरं. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात हेल्मी इस्पितळात होती. डॉक्टरांनी आम्हाला आधी सांगितलं होतं की आजार डोक्यापर्यंत गेला तर बोलण्यात घोळ होईल, नसलेल्या गोष्टी दिसतील, लक्ष ठेवा. एक दिवस दुपारी ती उशीला टेकून बसली होती आणि एकदम म्हणाली, "तौनो, तो दीपगृहाचा रखवालदार आहे ना, तो एक पुस्तक शोधायला निघतो. भर हिवाळ्यात. घरोघर जातो. पुस्तक कुठेच मिळत नाही, पण प्रत्येक घरी त्याला जेवू घालतात."

एवढं सांगून ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, आपल्या ओळखीत कोणी रखवालदार नाही. तरी ती बघतच होती. मग मी बाहेर जाऊन नर्सला सांगितलं की ती भरकटल्यासारखं बोलते आहे. नर्सने लिहून घेतलं. त्या संध्याकाळी औषध बदललं. पुढचे चार दिवस ती बहुतेक झोपूनच होती, आणि मग गेली.

आतापर्यंत मला वाटत होतं, पुस्तक सापडलं की प्रश्न मिटेल. ती खऱ्याच पुस्तकाबद्दल बोलत होती असं ठरेल. मी नर्सला उगाच सांगितलं असं ठरेल, पण तेही चालेल. पुस्तकच नसेल तर मात्र ऑक्टोबरातच ती भ्रमात गेली होती आणि मला कळलं नाही. त्यानंतरचा सगळा महिना, साउनामधल्या, त्या वाफेच्या न्हाणीघरातल्या गप्पा, तिने मला सांगितलेलं सगळं... ते कोण बोलत होतं?

९ फेब्रुवारी, रविवार

इर्मा म्हणते, पुस्तक चर्चमध्ये कोट टांगतात तिथे विसरलं. गेलो. तिथे सहा हातमोजे होते, सगळे डाव्या हाताचे. पुस्तक नाही. पाद्रीबुवांनी थांबवून सूप पाजलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

विचार करून ही गोष्ट मला अशी दिसते. पुस्तक नाही. कव्हर हिरवंही नाही आणि लालही नाही. चौघीजणी खोटं बोलत आहेत. चौघींना हेल्मीची अवस्था ऑक्टोबरातच कळली होती. तिने वहीत काहीतरी लिहिलं आणि तिला दुखवायचं नाही म्हणून त्यांनी मान डोलावली. आता मला कळू नये म्हणून त्या पुस्तक वाचल्याचं सोंग करत आहेत.

त्यांचे आभार मानायला हवेत. पण हे पुढे चालू द्यायचं नाही. सहा मार्चला पाच माणसांनी माझ्या दिवाणखान्यात बसून तिच्या बिघडलेल्या डोक्यावर चर्चा करायची, हे मला जमणार नाही.

इर्माला पत्र लिहिलं आहे. गुरुवार रद्द. उद्या टाकीन. आधी वाचनालयात जाऊन रांगेतलं नाव काढून घेतो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पत्र टाकलं नाही.

जोसेटला म्हणालो, माझं नाव काढा, ते पुस्तक अस्तित्वातच नाही हे मला कळलंय. ती हळूच म्हणाली, "तुम्ही कोणाला सांगितलं का?"

"नाही. सांगणारही नाही. तिची चूक नव्हती. तिच्या डोक्यात गोंधळ झाला होता."

"कोणाच्या डोक्यात?"

"हेल्मीच्या."

जोसेटने खिडकीवर 'दहा मिनिटांत परत' अशी पाटी लावली आणि मला आत, मुलांच्या विभागात नेलं. तिथे सगळ्या खुर्च्या गुडघ्याएवढ्या आहेत. त्यातल्या एकीवर मला बसवलं.

"ऑक्टोबरात हेल्मी याच खुर्चीवर बसली होती," ती म्हणाली. "पिवळी लोकरीची टोपी घालून. दीड तास. ते चार ओळींचं वर्णन तिने माझ्यासमोर तीनदा खोडून लिहिलं. लेखिकेच्या नावासाठी आम्ही टेलिफोनची जुनी वही उघडली, केटोला त्यातून काढलं. आणि ती एवढी हसत होती की मला तिला गप्प करावं लागलं. मी! वाचनालयात! हेल्मीला!"

मी टोपी गुडघ्यावर ठेवली.

"ती म्हणाली, माझा नवरा स्वतःसाठी दाराबाहेर पाऊल टाकणार नाही. पण दुसऱ्याचं अर्धवट राहिलेलं काम दिसलं की त्याला घरी बसवत नाही. म्हणून एक काम अर्धवट ठेवून जाते. ते पुस्तक मार्चपर्यंत कोणाच्याही घरी सापडता कामा नये, आणि प्रत्येक घरी त्याला जेवायला मिळालं पाहिजे. चौघींना तिने शपथ घातली. मलाही. तिने मला चिडलेल्या तौनोला तोंड द्यायची तयारी ठेवायला सांगितलं होतं. हे असलं काही तुमच्या मनात असेल असं आमच्यापैकी एकीलाही वाटलं नाही हो."

"तिला शुद्ध होती?"

"तिला? त्या दिवशी आम्हा सगळ्यांत मिळून जेवढी होती त्याच्या दुप्पट. मी म्हणाले, तो रखवालदार कोण ते तुमच्या नवऱ्याला पहिल्याच ओळीत कळेल. ती म्हणाली, लाव पैज."

"कोण आहे तो रखवालदार?"

जोसेट माझ्याकडे बघत राहिली. मग तिने पाटी काढली आणि कामाला लागली. मी कोट चढवला, टोपी घातली. दारापर्यंत गेलो तेव्हा कळलं.

गाडीत बराच वेळ बसून होतो. आधी हलकं वाटलं. मग दुसरं लक्षात आलं. तिला शुद्ध होती, म्हणजे इस्पितळात ती मला विनोद सांगत होती. सांगून झाल्यावर माझ्याकडे बघत होती ती त्यासाठीच. माझ्या हसण्याची वाट बघत होती. आणि मी नर्सला बोलवायला गेलो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

जोसेटला फोन केला. मला कळल्याचं चौघींना सांगू नका, असं म्हणालो. ती म्हणाली, "का? काय करणार आहात?" मी म्हणालो, अजून ठरवलं नाही. ती म्हणाली, "मिस्टर लेहतो, तुमचा आवाज आज मला हेल्मीसारखा का वाटतोय?"

२ मार्च, रविवार

वेलदोड्याचा पाव दोनदा केला. पहिला बाहेर टाकला तेव्हा बर्फात भोक पडलं. कावळ्यांनी तपासला आणि सोडून दिला. दुसरा बरा आहे.

कपाटातून रस्ते खात्याची बांधणी-नियमावली काढली. तीनशे चाळीस पानं, कादंबरीएवढी जाड. तिला तपकिरी कागदाचं कव्हर घातलं.

६ मार्च, गुरुवार

दोन इंच. दुपारी ऊन. पायरीवर मीठ टाकलं.

चौघी बरोबर दोन वाजता आल्या. चौघींचे चेहरे चर्चमध्ये शिरल्यासारखे. हेल्मीच्या खुर्चीत कोणी बसलं नाही. मीही बसलो नाही, स्टूल आणलं. पाव कापला. डोरीनने चावला आणि म्हणाली, "तू केलास? चांगला आहे. आत काय घातलंस, खडी?" मग बरं वाटलं.

इर्माने वही उघडली, घसा साफ केला. "तौनो, सुरू करण्याआधी आम्हा सगळ्यांना तुला एक सांगायचं आहे. या पुस्तकाबद्दल."

"हो, मलाही," मी म्हणालो. "मिळालं."

"काय मिळालं?"

"पुस्तक. टपालाने मागवलं. परवा संपवलं." आणि नियमावली मांडीवर ठेवली.

एकतीस वर्षांत खात्याच्या कोणत्याही कागदपत्राकडे लोकांनी असं बघितलेलं नाही. मर्टलने कॉफीत तिसऱ्यांदा साखर घातली. इडा म्हणाली, "पण ते तर..." आणि इर्माने तिच्या पायावर पाय दिला. मी पाहिलं.

"कव्हर कोणत्या रंगाचं आहे?" मर्टलने विचारलं.

"जुनं आहे. रंग उडालाय."

"बघ," मर्टल इडाला म्हणाली.

डोरीन म्हणाली, "मला बघू जरा."

"आधी वाचून दाखवतो. मंडळात तशी पद्धत आहे असं हेल्मी म्हणायची. पान नव्वद."

मी पान नव्वद उघडलं. त्यावर उतारावरच्या वळणाचं कोष्टक होतं. मी विचार केला होता की दोन-चार वाक्यं तोंडावर मारायची, त्यांची फजिती बघायची आणि मग खरं सांगून टाकायचं. दोन-चार वाक्यं पाठही केली होती. पण नजर कोष्टकावर ठेवली आणि वेगळंच निघालं.

मी वाचलं ते साधारण असं. रखवालदाराच्या बायकोला वाचायचं वेड होतं. शनिवारी साउना तापत असताना ती बाहेरच्या खोलीत बाकावर पाय घेऊन बसायची आणि वाचलेलं सगळं त्याला सांगायची. कोणाचं कोणावर प्रेम होतं, कोणी कोणाचं मृत्युपत्र लपवलं. तो भट्टीत लाकडं घालत असायचा. हो किंवा नाही काहीच म्हणायचा नाही. तिला वाटायचं, याचं लक्ष नाही.

"दीपगृहात साउना होता?" डोरीनने विचारलं.

"होता. इथे लिहिलंय."

"बरं बरं. वाच."

मी वाचलं की साउना तापायला सात लाकडं पुरायची. तो नऊ घालायचा. कधी दहा. पहिलं जळत आलं की दुसरं हळूच सरकवायचा, म्हणजे अजून तापायचं आहे असं तिला वाटेल आणि ती सांगत राहील. चाळीस वर्षं त्याने लाकडं वाया घालवली. तिने सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्याला अजून आठवते. कोणत्या पुस्तकातली ते मात्र माहीत नाही. ते त्याने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर ऐकत होता हे तिला कळलं असतं. कळलं असतं तर काय बिघडलं असतं, याचं उत्तर त्याच्याकडे नाही.

मी पान उलटलं.

मग बायको आजारी पडते, मी वाचलं. शेवटी तिने त्याला एक विनोद सांगितला. चांगला मोठा होता, हिवाळाभर पुरेल एवढा. तिने खूप मेहनत घेतली होती. तो त्याला कळला नाही. त्याला वाटलं ती भ्रमात आहे आणि त्याने नर्सला बोलावलं.

इथे मला थांबावं लागलं. अक्षर बारीक आहे असं म्हणालो.

इर्माने वही मिटली. इडाने चष्मा काढला होता. मर्टल म्हणाली, "मग नंतर त्याला कळला का?"

"कळला. उशिरा."

"मग हसला का तो?"

"पुढच्या पानावर असेल."

"मग बघ ना!"

मी पान उलटलं. त्यावर डांबरात खडी किती मिसळायची त्याचं प्रमाण होतं, दोन आकृत्यांसह. डावीकडची आकृती मीच काढलेली आहे, सत्त्याऐंशी साली. समोर चौघीजणी वाट बघत होत्या. आणि माझ्या डोळ्यांसमोर ती पिवळी टोपी आली, त्या गुडघ्याएवढ्या खुर्चीवर, टेलिफोनच्या वहीत नावं शोधत असलेली.

"हो," मी म्हणालो. "हसला." आणि ते खरंच झालं. बराच वेळ थांबवता येईना. स्टूल हललं. डोरीनने सुरुवात केली, मग बहिणींनी, शेवटी इर्मानेही, नाक रुमालात धरून.

खरं सांगून टाकायचं राहून गेलं. त्यांच्याकडूनही काही निघालं नाही. साडेपाचपर्यंत बसल्या. रखवालदाराच्या स्वभावावर पुष्कळ चर्चा झाली. डोरीनचं मत बदललं आहे. इर्माचं म्हणणं, बायकोला लाकडांचं माहीत असणारच, कारण लाकडांचा ढीग कोणीही मोजू शकतं, आणि अशी बाई तर नक्कीच मोजेल. हे मला सुचलं नव्हतं. दारात कोट घालताना डोरीन म्हणाली, "पुढचा गुरुवार माझा. तू येणार आहेस, विचारत नाहीये. आणि ते तुझं पुस्तक आण. मधली पानं राहिली."

चौघींना काही कळलेलं नाही. नियमावलीच्या तिन्ही कडांवर काउंटीचे लाल शिक्के आहेत, ते मला कपाटात ठेवताना दिसले. पण त्यांचं लक्ष गोष्टीकडे होतं, शिक्क्यांकडे कोण बघतं?

८ मार्च, शनिवार

वाचनालयात गेलो. आज गाडीत बसलो नाही. जोसेटला म्हणालो, एक खरी कादंबरी द्या, मोठी, आणि जिच्यात माणसं पुष्कळ बोलतात अशी. तिने दिली. दुपारी साउना तापायला घातला आणि बाहेरच्या बाकावर वाचायला बसलो.

पहिल्या प्रकरणातच नऊ माणसं आली. लक्षात राहीनात म्हणून कागदावर नावं आणि नाती लिहून घेतली. एक श्रीमंत म्हातारा मेला आहे. घरात दोन मुलं, एक सून, एक वकील. सगळे फार रडत आहेत. मला त्यांतल्या एकाचंही रडणं खरं वाटत नाही.

पान चव्वेचाळीसवर उठून भट्टीत लाकूड घातलं आणि मोठ्याने म्हणालो, "धाकट्याने केलंय बघ. वकिलाला माहीत आहे."

मग आणखी एक लाकूड घातलं. अजून चारशे पानं आहेत.